समोरची भिंत

३ ऑगस्ट २०१५, सोमवार

गाडी आज काळूराम म्हात्रेच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. एका बेकरीची जुनी उंच व्हॅन आहे. पाव ठेवायच्या फळ्या उचकटून काढल्यावर आत उरल्या त्या नुसत्या पत्र्याच्या बरगड्या आणि खारीचा वास. दोन दिवस दारं उघडी ठेवली तरी वास जात नाही. वन्सं म्हणाल्या, वाईट वास नाही तो, असू दे. वाईट नाही हे मलाही कळतं. पण मला गाडीत राहायचं आहे, चहात बुडवून खायची नाही.

काळूराम करंजाड्याचा. तिथली शेती वसाहतीत गेली, त्या पैशांत त्याने पळस्प्याला टेम्पो आणि बसच्या बॉड्या बांधायची शेड टाकली. गळ्यातली साखळी अशी की बंद पडलेली गाडी तिने ओढून न्यावी. आत डोकावून म्हणाला, "मॅडम, यात तुमी झोपनार? आन मावशी पन?" मी म्हटलं, झोपणार, रांधणार, आंघोळ सोडून सगळं करणार. तो म्हणाला, "आमी म्हशींसाठी पन गाडी बांधलेली हाय. पन तिला खिडकी होती." खिडक्या तूच कापायच्या आहेस, म्हणून तर आले, असं मी सांगितलं.

न्हावाशेव्याच्या क्लिअरिंग ऑफिसात जन्म घालवून मी मे महिन्यात निवृत्त झाले. जगातल्या कुठल्या बंदरात मी कंटेनर पाठवला नाही ते विचारा. मी स्वतः मात्र कन्याकुमारीसुद्धा पाहिलेली नाही. आता दिवाळीनंतर आम्ही दोघी समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली जाणार, हे माझं ठरलेलं आहे. गाडी मी चालवणार. आम्ही दोघी म्हणजे मी आणि वन्सं, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण वेणूताई. प्रभाकर गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. त्या अगदी लहान वयात विधवा होऊन भावाकडे आल्या त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्यांची कॉट हॉलमध्ये होती. तिथे वारा चांगला लागतो.

गाडीत समोरासमोर दोन अरुंद बाकं, मध्ये पाऊल टाकण्यापुरती वाट, मागच्या दाराशी शेगडी. बाकं, कपाटं, दिवे, वायरी, सगळं आतल्या भिंतीवर बसणार. म्हणजे बरगड्यांवर कशाची भिंत लावायची ते ठरेपर्यंत काहीच ठरत नाही. एवढी साधी गोष्ट. आठवड्यात होईल.

दसऱ्याच्या आत गाडी पुरी व्हायलाच हवी. कारण प्रितेश. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. विचुंब्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. त्याची बायको कोमल दिवाळीनंतर पुन्हा नोकरीवर जाणार, बाळ लहान आहे, म्हणून आत्याने कायमचं तिकडे यावं असा त्याचा आग्रह. स्वतंत्र खोली देतो म्हणाला. दसऱ्यापर्यंत उत्तर मागितलं आहे. वन्संनी त्याला "बघते" म्हटलं. यात बघण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही.

(कॉन्व्हेंटमध्ये मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. म्हणून ही वही मराठीत.)

८ ऑगस्ट, शनिवार

पीव्हीसी. काळूरामच्या मते जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर पीव्हीसी आहे. "पानी नाय लागत, वाळवी नाय लागत, वजन नाय." पनवेलच्या लाइन आळीतल्या दुकानात जाऊन पाहिलं. संगमरवराचा छाप, त्यात सोनेरी शिरा. ब्युटी पार्लरमध्ये फेशियल करताना छताकडे बघितलं की जे दिसतं ते. आमच्या शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या की एका वस्तूने दुसऱ्या वस्तूचं सोंग घेणं हे खोटं बोलण्याइतकंच वाईट. मी ते आयुष्यभर पाळलं आहे. माझ्या घरात प्लास्टिकचं एक फूल सापडणार नाही.

वन्संच्या हातात एक तुकडा दिला. त्यांनी उलटा करून पाहिला, बोटाने टकटक केलं. म्हणाल्या, "गार आहे. आणि आतून पोकळ."

पीव्हीसी बाद. एवढ्यात आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

१२ ऑगस्ट, बुधवार

दुकानांच्या पाट्यांना लावतात ते अॅल्युमिनियमचं शीट पाहिलं. पाटीच्या आत बसून कन्याकुमारीला जायचं तर वर फोन नंबरही लिहून घ्यावा. बाद.

१९ ऑगस्ट, बुधवार

सापडलं. पाइनच्या पट्ट्या, एकीच्या खाचेत दुसरी बसणाऱ्या. पटेलशेठच्या लाकडाच्या वखारीत मी एकटीच गेले होते. वन्सं सोबत असल्या की प्रत्येक वस्तूला हात लावत बसतात आणि माझा दिवस जातो. शाळेतल्या पाहुण्यांच्या खोलीला अशाच लाकडाची कंबरेएवढी भिंत होती, गडद, मेणाने घासलेली. तिथे बसलं की आपण चांगल्या वर्तणुकीचे आहोत असं आपोआप वाटायचं.

चार पट्ट्या घरी आणल्या. वन्संनी वास घेतला. म्हणाल्या, "छान आहे. तुझ्या गाडीला शोभेल."

त्यांच्या तोंडून कौतुक मिळवणं सोपं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

३० ऑगस्ट, रविवार

मी काही बावळट नाही. माल घेण्याआधी परीक्षा घ्यावी म्हणून पट्ट्या गॅलरीत ठेवल्या होत्या, पाऊस थेट लागणार नाही, नुसती हवा लागेल अशा. आज पाहिलं तर दोन पट्ट्यांनी कमरेत वाक घेतला आहे आणि एकीवर काळे ठिपके. खाच एकमेकींत बसत नाही. बसवली तर निघत नाही.

काळूरामला दाखवल्या. तो हसला. हे लाकूड आपल्याकडच्या दमट हवेत असंच करतं, म्हणाला. मी म्हटलं, मग दहा दिवसांपूर्वी मी याबद्दल एवढं बोलत होते तेव्हा तोंड का उघडलं नाहीस? "तुमी आमाला सांगत होता, मॅडम. विचारलं कुठं?"

विचारायचं मी? पैसे घेऊन काम करणाऱ्याने आपण होऊन सांगायला नको?

वन्संनी वाकलेल्या पट्ट्या उचलून नेल्या. तव्याखाली ठेवायला बऱ्या आहेत म्हणे.

७ सप्टेंबर, सोमवार

संताप. आज शेडमध्ये गेले तर मागच्या दोन्ही दारांना आतून लालभडक रेक्झिन. खाली फोम, वर चौकोन चौकोन करून मध्ये पितळी बटणं. मी विचारलं हे काय. काळूराम छाती फुगवून म्हणाला, "नमुना. तुमचं ठरत नाय म्हनून आमी करून दाखवला. वऱ्हाडाच्या बसला आमी हेच करतो. नवरा-नवरी खूश."

मी त्याला विचारलं, आमच्या दोघींपैकी नवरा कोण दिसतं तुला.

वन्सं गाडीच्या पायरीवर बसून हसायला लागल्या. हसताना त्यांनी पदर तोंडावर धरला, खांदे हलत होते, आणि काळूरामसुद्धा त्यांना सामील झाला. एवढं हसताना मी त्यांना प्रभाकर गेल्यापासून पाहिलेलं नाही. माझ्या अपमानावर हसायला मिळालं म्हणून असेल. मग त्या उठल्या, एका बटणावर अंगठा दाबून म्हणाल्या, "मऊ आहे, पण जीव गुदमरेल." बाद.

बटणं काढायला काळूरामने दोन तास लावले आणि सगळा वेळ तो वऱ्हाडाची गाणी गुणगुणत होता.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आमचा दीड दिवसांचा गणपती आज गेला. काल प्रितेश आणि कोमल बाळाला घेऊन आले होते. बाळाचं नाव आर्यन. दिसायला चांगला आहे, पण कोणी त्याला खाली ठेवत नाही, त्यामुळे तो अजून बसायला शिकलेला नाही. हे मी बोलून दाखवलं. कोमलने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

जेवणं झाल्यावर प्रितेशने मोबाइलवर त्या खोलीचे फोटो उघडून दाखवले. एक खिडकी, एक पलंग, पलंगासमोर पिस्ता रंगाची भिंत, त्यावर काही नाही. "आत्या, यावर तुला हवं ते लाव," म्हणाला. वन्संनी चष्मा लावून तो फोटो पाहिला. मग बोटाने पुढे ढकलला, आणि परत मागे आणून तोच पाहिला. मोदक गार होत होते.

मी गाडीबद्दल सांगितलं. अडीचशे नमुने पाहून झाले, आता फक्त निर्णय घ्यायचा आहे, असं. कोमल म्हणाली, "काकू, आत्यांना कसली भिंत हवी आहे?" जशी काही मी वन्संना पोत्यात घालून नेणार आहे. मी म्हटलं, त्यांच्या हातात प्रत्येक नमुना दिला जातो.

प्रितेश जाताना दारात मला हळूच म्हणाला की आत्याचं आता वय झालं, तिला गाडीत हिंडवणं बरं दिसतं का. अडुसष्टाव्या वर्षी गाडीत बसवत नाही आणि दिवसभर कडेवर मूल मात्र घेववतं. असं मी म्हटलं. सणासुदीला बोलू नये ते मी बोलते, असं वन्संचं मत पडलं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज मी शेडमध्ये जाऊन काळूरामला म्हटलं, साधा सहा मिलिमीटरचा प्लाय बरगड्यांवर ठोकायला घे. वर काय चिकटवायचं ते नंतर ठरवू. निदान भिंतीचा आकार येईल, वायरी आत जातील. तो म्हणाला, "आता नाय. पितर हाय."

मी म्हटलं, ही गाडी आहे.

"झोपनार ना आत? चूल लावनार ना? मंग घरच ते. पितरांत आमी नव्या घराची भिंत नाय उभी करत."

मी त्याला रोटरडॅमला पितृपक्षात किती जहाजं जातात ते सांगितलं. तो म्हणाला, त्यांची त्यांना माहीत. त्याच्या शेडमधल्या पोरांनी हातातली कामं थांबवून आमचं भांडण ऐकलं. शेवटी मी विचारलं, मग घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत होईल का सगळं. "तुमी काय लावायचं ते ठरवा, मंग आमाला बोला."

दोन आठवडे गेले पाण्यात. घरी येऊन वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं. म्हणजे सगळी दुनिया एका बाजूला.

१ ऑक्टोबर, गुरुवार

वन्संनी आज आपल्या कॉटखालची ट्रंक काढून सगळी लुगडी गॅलरीत उन्हाला घातली. पाऊस संपला की कसर लागते म्हणे. मी म्हटलं, नवरात्रात घाला, आत्ता ढग येतात. पण त्यांनी घड्या घालून, मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवून, ट्रंक वरपर्यंत भरली आणि परत खाली सरकवली नाही. येता-जाता माझ्या पायाला लागते.

६ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते मी आहे तसं लिहिणार आहे, नंतर मला कोणी सांगू नये की मी तिखटमीठ लावलं.

मी पटेलशेठकडे जाऊन निर्णय घेऊन आले. प्लायवर पांढरं लॅमिनेट. दोन्ही बाजूंना. चकाकी नाही, नक्षी नाही, पुसलं की स्वच्छ. कोणाचं सोंग नाही. घरी येऊन जाहीर केलं. वन्सं डाळ निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या. मग ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "मी प्रितेशला सांगणार आहे, दसऱ्याला येते म्हणून."

मी उभीच होते. दोन महिने मी रानोमाळ हिंडले. हे गार, ते पोकळ, यात गुदमरतं. प्रत्येक गोष्टीला नाक मुरडलं. आणि आता भिंत ठरली तर या निघाल्या. हे सगळं मी त्यांना ऐकवलं, थोडं मोठ्याने.

वन्सं म्हणाल्या, "मी कुठे नाक मुरडलं? तू हातात दिलंस, हाताला काय लागलं ते सांगितलं. गाडी तुझी आहे."

"आपली आहे. दोन बाकं केली आहेत ना?"

"बाकं दोन आहेत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा डाळीकडे वळल्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्या बाजूची भिंत तुम्ही ठरवा. मोर लावा, कमळं लावा, मी तोंडातून अक्षर काढणार नाही.

"माझ्या बाजूची नको," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या बाजूची दे."

मला कळलंच नाही. त्यांनी हाताने हवेत दोन बाकं आखून दाखवली. "माझ्या बाजूची भिंत माझ्या पाठीला. मी कुशीवर झाले की मला दिसणार ती तुझ्या डोक्यावरची. ती मला ठरवायची आहे. माझ्या डोक्यावरची तू ठरव, तुला ती दिसेल."

"म्हणजे माझं बाक, माझी उशी, आणि वर तुमचे मोर?"

"मोर म्हटलं नाही मी." मग डाळीतला एक खडा बाजूला टाकून, "नसेल द्यायची तर राहू दे. विचुंब्याला आहे मला भिंत."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. जहाज कंपन्यांच्या साहेबांशी वाद घालण्यात माझी हयात गेली, पण बोलणी तुटण्याच्या टोकाला आल्यावर नवीनच मागणी पुढे टाकणारा माणूस मला एकही भेटला नव्हता. नवऱ्याकडची माणसं म्हणतात, वेणूताई गरीब आहे.

७ ऑक्टोबर, बुधवार

बोलणं नाही. भाजीत मीठ मात्र बरोबर होतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी शेडमध्ये गेले. पितरांमुळे सगळं थंड. काळूराम टेम्पोच्या सावलीत डुलक्या घेत होता. बाकांच्या फळ्या अजून नुसत्या टेकवलेल्या आहेत. मी गाडीत शिरून माझ्या बाकावर आडवी झाले. समोर वन्संच्या बाजूच्या बरगड्या दिसल्या. मग वन्संच्या बाकावर आडवी झाले. समोर माझ्या बाजूच्या बरगड्या दिसल्या. आपल्या बाजूची भिंत बघायची तर मान मोडून घ्यावी लागते. भूमिती म्हणून वन्संचं बरोबर आहे, एवढंच मी म्हणेन.

काळूराम उठून आला आणि खिडकीच्या भोकातून म्हणाला, "मॅडम, बरं नाय का?" मी म्हटलं, मोजमाप घेते आहे.

घरी आले तेव्हा वन्सं देवळात गेल्या होत्या. हीच तपासणी घरातही करून बघावी म्हणून मी त्यांच्या हॉलमधल्या कॉटवर आडवी झाले. या कॉटवर मी कधी बसलेसुद्धा नाही, टीव्ही बघायला माझी खुर्ची आहे. तिथून बुटांचं कपाट दिसतं. त्याच्या वर विजेचं मीटर. त्याच्या शेजारी बाहेरचं दार, कडीसकट. डावीकडे मान वळवली तर माझ्या खोलीचं दार, ते मी लावूनच जाते. वारा म्हणावा तसा लागत नाही. पंखा करकरतो, वायरमनला बोलवायला हवं. बुटांच्या कपाटावर धूळ होती, ती पुसून घेतली, आतल्या जुन्या चपला काढून टाकल्या, कपाट जरा बाजूला सरकतं का तेही पाहिलं. सरकत नाही.

वन्सं आल्यावर मी सांगितलं, माझ्या बाजूची घ्या. त्यांनी चप्पल काढली, "बरं" म्हणाल्या आणि चहा टाकला. प्रितेशचं काय ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. चहात आलं जास्त झालं होतं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

घट बसले. सकाळी आम्ही दोघी पटेलशेठकडे. मी म्हटलं होतं अक्षर काढणार नाही, म्हणून दारापाशी स्टुलावर बसले. शेठने नमुन्यांची जाड पुस्तकं पुढे केली. वन्संनी पहिलं बाजूला सारलं, दुसरं उघडलं, पानं भराभर उलटली आणि एका पानावर तळहात ठेवला. त्यांना ते पान कुठे आहे ते माहीत होतं. मागे कधीतरी मी लॅमिनेटच्या जाडीवरून शेठशी हुज्जत घालत होते तेव्हा बघून ठेवलं असणार.

विटा.

लाल विटांचा छाप. मध्ये सिमेंटच्या राखाडी रेघा, काही विटा जळकट, काहींचे कोपरे उडालेले, सगळं छापलेलं. गुळगुळीत पत्र्यासारख्या कागदावर छापलेल्या विटा. पटेलशेठ म्हणाले, हा माल सध्या हॉटेलवाले फार नेतात.

मी काही बोलले नाही. पण चेहऱ्यावर काहीतरी असणार, कारण वन्संनीच खुलासा केला. "भिंत हवी, तर भिंतीसारखी दिसायला नको?"

चाकांवर धावणारी, पत्र्याच्या पोटात बसवलेली, कागदी विटांची भिंत. माझ्या उशीच्या वर. सिस्टर बर्नाडेट आज हयात नाहीत हे त्यांचं भाग्य. मी पांढरं माझ्यासाठी, म्हणजे वन्संच्या बाजूला, आणि विटा वन्संसाठी, म्हणजे माझ्या बाजूला, असं शेठना लिहून घ्यायला सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं कोणती बाजू कोणाची. मीही एकदा चुकले.

१९ ऑक्टोबर, सोमवार

बरगड्यांत थर्माकोल बसला, वर प्लाय बसला, आज विटा चढल्या. वन्सं सकाळपासून शेडमध्ये, मधल्या वाटेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. डबा घेऊन गेल्या होत्या. मी वायरींचं पाहत होते.

दोन शीटा जिथे भेटतात तिथे विटांच्या रेघा जुळल्या नाहीत, एक बाजू बोटभर वर गेली. काळूराम म्हणाला, "मावशी, उशीच्या मागे जाईल ते. कोन बघतं?"

"मी बघणार आहे," वन्सं म्हणाल्या. "काढ."

"काढली तर तुटेल."

"मग दुसरी आण."

तो माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं मी त्याची बाजू घेईन. आमच्या घरात ही बाई पंख्याचा वेग कमी करायचा झाला तरी आधी विचारते. मी वायर सोलत राहिले. काळूराम पुटपुटला की स्वतःच्या घराची भिंतसुद्धा त्याने एवढी बघून घेतली नव्हती. वन्सं म्हणाल्या, "तुझ्या घरात मी झोपणार आहे का?"

शीट गरम करून काढली. तुटली नाही. दुसऱ्यांदा लावताना वन्संनी स्वतः बोट ठेवून रेघ धरली. संध्याकाळपर्यंत विटा जुळल्या. दिसायला भयंकर दिसतात.

२२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी मी चटणी वाटत होते तेव्हा वन्संनी हॉलमधून प्रितेशला फोन लावला. मी मिक्सर बंद केला, चटणी झाली होती म्हणून. त्या म्हणत होत्या, "नाही रे, कायमची नाही येणार... अरे, राग कसला... कोमलला म्हणावं चांगलं पाळणाघर मी शोधून देते, पनवेलात ओळखी आहेत माझ्या... नाही, इथेही नाही. गाडीत असणार मी."

चटणी भरड राहिली.

काळूरामने गाडी झेंडूने मढवून दारात आणून दिली. पांढऱ्या बाजूला एकही डाग नाही, कपाटं सरळ, दिवे लागतात, खारीचा वास अजून आहे. त्याची बायको गाडी बघायला सोबत आली होती. तिने विटांवरून हात फिरवला आणि नवऱ्याला विचारलं की आपल्या पडवीला हे का नाही लावलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आत डोकावून नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड केलं. "अय्या, विटा? तुम्ही, वसुंधराताई?" मी म्हटलं, ती भिंत वेणूताईंची आहे, काय विचारायचं ते त्यांना विचारा. बाईंना काही विचारायचं नव्हतं.

दुपारी नकाशा काढला. आज मला वेळ होता म्हणून वन्संना विचारलं, आधी कुठे जायचं. माझ्या मनात मुरुड होतं. म्हणजे अलिबागवरून खाली, पहिला मुक्काम समुद्रावर.

वन्सं म्हणाल्या, "आधी विचुंब्याला. कोमलला भिंत दाखवायची आहे."

विचुंब्याला शेअर रिक्षा जाते.

२५ ऑक्टोबर, रविवार

गेलो. आयुष्यभर वाट पाहिलेल्या प्रवासाचा पहिला टप्पा: जुना पूल, भाजी मार्केट, सिग्नल, विचुंबे. वन्संनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि त्या पुढे बसल्या नाहीत. मागे आपल्या बाकावर आडव्या होऊन आल्या. खड्ड्यात गाडी आपटली की मी आरशात बघायची. हाताची उशी करून विटांकडे बघत होत्या.

प्रितेशच्या बिल्डिंगखाली गाडी उभी केली. कोमल बाळाला घेऊन उतरली. तोंड आधी जरा फुगलेलं होतं, पण आत चढल्यावर तिला राहवलं नाही. मला म्हणाली, "काकू, विटा काय मस्त आहेत. तुमची आयडिया?" मी म्हटलं, माझी पांढरी बाजू. तिने पांढरी बाजू पाहिली आणि म्हणाली, छान आहे, स्वच्छ वाटतं. दवाखान्याबद्दल बोलतात तसं.

वन्संनी आर्यनला आपल्या बाकावर घेतलं. तो विटांवर थापा मारायला लागला. त्यांनी मारू दिल्या. प्रितेशने खिडकीतून आत डोकं घातलं. मग म्हणाला, "आत्या, वर खोली तशीच ठेवली आहे. कधीही ये."

"येईन की," वन्सं म्हणाल्या. "हिंडून आलो की महिन्यातून एकदा येत जाईन, दोन दिवस राहीन याच्यासाठी. खाली गाडी लावायला जागा धरून ठेव. सावलीतली."

"अगं, गाडी कशाला? वर खोली आहे ना."

"खोली पाहुण्यांना लागेल तुम्हाला."

प्रितेश हसला, मग खरंच वॉचमनला हाक मारून कोपऱ्यातल्या झाडाखालची जागा कोणाची आहे ते विचारायला लागला. वन्सं खिडकीतून मान काढून सांगत होत्या की गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं, म्हणजे उन्हं भिंतीवर येणार नाहीत, रंग उडतो. कोमलने तारखा विचारल्या. पौर्णिमेच्या आसपास, असं ठरलं. जेवायला काय करायचं तेही ठरलं.

मी स्टीअरिंगवर हात ठेवून हे सगळं ऐकत बसले होते. दर महिन्याला ही गाडी इथवर कोण चालवत आणणार, हे मला कोणी विचारलेलं नाही.